ओक्तावला कुठं ठेवायचं

व्होक्रेल
रविवार, २२ ऑगस्ट १९२६

सिप्रियाँ भाऊजी,

सकाळी चर्चला गेले. परत येऊन ओक्तावचे कामाचे बूट घासून वाळवले आणि शेजारच्या माथुरीनच्या जावयाला दिले. दुपारी गिरणीतल्या गड्यांना सांगितलं की उद्यापासून लाकूड कापायला सुरुवात करा, नदीला पाणी आहे तोवर पातं बंद ठेवून चालणार नाही. संध्याकाळी मेयरांकडे जाऊन आले. त्यासाठीच हे पत्र.

अंत्यविधीच्या दिवशी आपलं बोलणं झालं नाही. तुम्ही शेवटच्या गाडीनं सँ-आरीलला परत गेलात. ओक्तावची पेटी इथल्या दफनभूमीच्या दाराशी गावाची जी तात्पुरती कोठी आहे, तिच्यात ठेवली आहे. मेयर म्हणाले, "लेओनीबाई, ही कोठी म्हणजे स्टेशनावरचं बाकडं. टेकायला ठीक, मुक्कामाला नाही." सर्व संतांच्या सणापर्यंत, म्हणजे एक नोव्हेंबरपर्यंत, त्यांनी मुदत दिली आहे.

ओक्तावला वर प्वी-मोराँला न्यायचं आहे, तुमच्या घरच्या थडग्यात. तिथं तुमचे आई-वडील आहेत आणि माझा मार्सो आहे. मुलगा जिथं, तिथं बाप. यात विचार करण्यासारखं काही नाही.

मला तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. एक, पेटी एका गावातून दुसऱ्या गावात न्यायला उपजिल्हाधिकाऱ्यांची सही. तुम्ही त्यांच्या कचेरीत हेडक्लार्क आहात, तेव्हा ती तुम्हाला हात लांब केला की मिळेल. दुसरी, तुमची स्वतःची सही. प्वी-मोराँत घरातल्या थोरल्यानं हो म्हटल्याशिवाय थडग्याचा दगड उचलत नाहीत, हे तुम्हीच मला लग्नात सांगितलं होतं.

दोन सह्या. बाकी सगळं मी बघते.

लेओनी


सँ-आरील
सोमवार, ३० ऑगस्ट १९२६

प्रिय लेओनी,

तुमचं पत्र मिळालं. ओक्ताव माझ्यापेक्षा लहान. त्यानं आधी जायचं नव्हतं. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

परवानगीचा विषय तुम्हाला वाटतो तितका सरळ नाही. तो समजून घ्यायचा तर आपला उपजिल्हा समजून घ्यायला हवा. १७९० साली पॅरिसहून माणसं आली. त्यांनी नकाशावर असे तुकडे पाडले, की कामकाजाच्या गावाला माणसानं घोड्यावर बसून जावं आणि दिवे लागायच्या आत घरी यावं. कल्पना चांगली होती. पण आपल्याकडे त्यांनी दोन मुलूख एकत्र शिवले. तार्देल नदीच्या वर काळा दगड, रायचं पीक आणि चेस्टनटची झाडं. नदीच्या खाली पांढरी माती, गहू आणि द्राक्षं. वरचे एका बिशपचे, खालचे दुसऱ्याचे. राजाच्या काळी खालच्यांना मिठावर जबर कर होता आणि वरच्यांना जवळजवळ नव्हता. आमचे पणजोबा रात्री पाठीवर मीठ घेऊन नदी उतरत. त्या मिठावर आमचं घर उभं राहिलं, पण घरात हे कोणी बोलत नसे.

आजही वरचे म्हणतात, खालचे लोक मापात मारतात. खालचे म्हणतात, वरचे पाव मोजून कापतात. अशा दोन मुलखांमधून पेटी न्यायची म्हणजे कागद काळजीपूर्वक तयार करावा लागतो. उपजिल्हाधिकारी साहेब सध्या शिकारीला गेले आहेत. शिवाय ओल्या हवेत थडग्याचा दगड हलवू नये.

पुढच्या पत्रात तालुक्यांविषयी लिहीन.

तुमचा,
सिप्रियाँ फाब्रेग


व्होक्रेल
सोमवार, ६ सप्टेंबर १९२६

सिप्रियाँ भाऊजी,

तालुक्यांविषयी लिहू नका.

तुमचं पत्र आलं तेव्हा माथुरीन स्वयंपाकघरात बसली होती. तिला वाचता येत नाही, म्हणून मी मोठ्यानं वाचलं. ती म्हणाली, "हे तुझे थोरले दीर आहेत का शाळेचं पुस्तक?" मी म्हटलं, "चाळीस वर्षं कचेरीत आहेत." ती म्हणाली, "मग बरोबर. आमच्या गाढवाला चाळीस वर्षं घाण्याला जुंपलं असतं तर तेही सरळ चाललं नसतं." मी हसले नाही, पण तिला गप्पही केलं नाही.

पणजोबांच्या मिठाशी ओक्तावचा काय संबंध? तो त्या कोठीत आहे. दाराला जाळी आहे, आणि जवळून जाताना मला आत पेटीची कड दिसते. मी पलीकडच्या रस्त्यानं पावाला जायला लागले आहे. तो रस्ता लांबचा आहे.

साहेब शिकारीहून कधी येणार ते कळवा. आणि तुमच्या सहीला साहेब लागत नाहीत. ती का आली नाही?

हवा कोरडी आहे. दगड उचलायला चांगली.

लेओनी


सँ-आरील
मंगळवार, १४ सप्टेंबर १९२६

प्रिय लेओनी,

तुम्ही वर्तमानपत्र वाचलं असेल. आपला उपजिल्हा मोडला. सरकारनं खर्च कमी करायचा म्हणून देशभरातले असे कितीतरी उपजिल्हे एका हुकमानं मोडून टाकले, त्यात आपला. एक ऑक्टोबरपासून सँ-आरीलला उपजिल्हाधिकारी नाही, कचेरी नाही.

शनिवारी तार आली. साहेबांनी ती दोनदा वाचली आणि माझ्याकडे दिली. मी म्हटलं, "साहेब, असं दर दहा वर्षांनी पेपरात येतं. होत कधी नाही." ते म्हणाले, "फाब्रेग, ही पेपरातली बातमी नाही. ही माझी बदली आहे." शिपाई दारात उभा होता, त्यानं विचारलं, "मग उद्या झेंडा लावायचा का?" मी तारेवर आवक क्रमांक टाकला. शिपायानं झेंडा लावला.

तुमच्या कामाबाबत: शिवण उसवली आहे. नदीच्या वरचे तीन तालुके तुर्नाक उपजिल्ह्यात जातात, खालचे दोन बेल्मारमध्ये. म्हणजे प्वी-मोराँ तुर्नाकमध्ये आणि व्होक्रेल बेल्मारमध्ये. एकाच उपजिल्ह्यात पेटी हलवायची असती तर आमच्या साहेबांची सही पुरली असती. आता दोन उपजिल्हे, म्हणून थेट जिल्हाधिकारी. आणि अर्ज बेल्मारमार्फत जायला हवा.

१८०० साली कचेरी बसली, तेव्हापासून एकशे सव्वीस वर्षं हा उपजिल्हा होता. १८१५ साली परकी घोडेस्वार चौकात राहिले, तेव्हासुद्धा कचेरी एक दिवस बंद नव्हती. जन्म-मृत्यूच्या आकड्यांना एकदाही उशीर झाला नाही. कुठल्या टेकडीवर पोस्टाची गाडी बर्फात अडते, हे तुर्नाकवाल्यांना काय माहीत? मी हे कोणाला सांगू, म्हणून तुम्हाला लिहितो आहे.

सिप्रियाँ


व्होक्रेल
बुधवार, २२ सप्टेंबर १९२६

सिप्रियाँ भाऊजी,

तुमच्या कचेरीचं वाईट वाटलं. हे मनापासून लिहिते. पण तार यायच्या आधी तीन आठवडे माझं पत्र तुमच्या कचेरीत होतं.

काल बेल्मारला जाऊन आले. तिथल्या कारकुनाला सगळं सांगितलं. त्यानं विचारलं, "मयत सध्या कुठं आहेत?"

"व्होक्रेलला."

"म्हणजे सँ-आरील उपजिल्ह्यात."

"तो मोडला ना?"

"एक तारखेला मोडेल. तोवर तुमचे यजमान सँ-आरीलचे. अर्ज तिकडे द्या."

"तिकडचे म्हणतात, इकडे द्या."

"मग एक तारखेनंतर या, बाई. तेव्हा ते आमचे होतील."

मी म्हटलं, "तो कोणाचाही होणार नाही. तो माझा नवरा आहे." मागे रांगेत एक म्हातारा होता, बहुतेक गुरांच्या दाखल्यासाठी आलेला. तो म्हणाला, "घ्या हो अर्ज, साहेब. मेलेला माणूस काय सरहद्द बघून मरतो?" कारकुनानं अर्ज घेतला. मग म्हणाला, सोबत घरातल्या थोरल्याची संमती नाही, ती आणा.

म्हणजे अडलं आहे ते फक्त तुमच्यापाशी. पॅरिसपाशी नाही, तुर्नाकपाशी नाही. मी तिसऱ्यांदा मागते आहे. चौथ्यांदा मागायला लावू नका.

लेओनी


सँ-आरील
शनिवार, २ ऑक्टोबर १९२६

प्रिय लेओनी,

काल कचेरी बंद झाली. टेबलं, कपाटं, दिवे, सगळं ट्रकमधून गेलं. साहेब सकाळीच गेले. शेवटी मी आणि शिपाई उरलो. दारावरची पाटी उतरवायला शिडी नव्हती, म्हणून ती तशीच आहे. मला पेन्शन मिळेल.

संमतीबद्दल मी विसरलेलो नाही. थोडा धीर धरा. ओक्तावला व्होक्रेललाच ठेवलं तर फार वाईट होईल का, एवढं एकदा मनाशी विचारून बघा. दफनभूमी चांगली आहे, भिंतीशी ऊन येतं.

तुम्ही वर प्वी-मोराँला जायच्या भानगडीत पडू नका. वाटेवरच्या छोट्या चॅपलच्या पुढचा चढ पावसानं खराब झाला आहे असं ऐकतो.

सिप्रियाँ


व्होक्रेल
सोमवार, ११ ऑक्टोबर १९२६

भाऊजी,

तुम्ही जाऊ नका म्हणालात, म्हणून गेले.

मार्सोला पोचवल्यापासून मी वर गेले नव्हते. दर सणाला ओक्ताव एकटा जायचा. मी निघाले की म्हणायचा, "तू कशाला गुडघे झिजवतेस? तुझी फुलं मी ठेवतो." मला वाटायचं, माझी काळजी घेतो आहे.

काल माथुरीनच्या जावयानं चॅपलपर्यंत गाडीतून सोडलं. पुढचा चढ चालून गेले. रस्ता खराब नाही. माझे गुडघे खराब आहेत. तीनदा बसले. दफनभूमीचं कुलूप शाळामास्तर पेरॉल यांच्याकडे असतं, कारण मेयरांच्या कचेरीचं लिहिण्याचं कामही तेच करतात. ते बरोबर आले. मी ब्रश आणि बादली नेली होती. दगडावर शेवाळ होतं. वरून घासत आले. तुमच्या वडिलांचं नाव, आईंचं, मार्सोचं. मार्सोच्या खाली आणखी अक्षरं लागली.

"सिप्रियाँ फाब्रेग, १८६० – १९". पुढचे दोन आकडे मोकळे. तिथं दगड गुळगुळीत करून ठेवला आहे.

मी मास्तरांना विचारलं, "हे कधीचं?"

"मार्सोला आणलं त्याच वर्षीचं, बाई. तुम्हाला माहीत नव्हतं?"

"आत जागा किती आहेत?"

"चार कप्पे. म्हाताऱ्या फाब्रेगांनी चारच बांधून घेतले. तीन भरले." मग टोपी हातात घेऊन म्हणाले, "चौथा नावाचा आहे."

तर हे होतं. मीठ, बिशप, १८१५ चे घोडेस्वार, सगळं या एका दगडाखाली. तुम्ही धडधाकट आहात, दोन वेळा जेवता, पेन्शन घेणार आहात. आणि तुमचा धाकटा भाऊ जाळीच्या दारामागं बाकड्यावर बसल्यासारखा आहे, कारण तुम्ही आपली गादी आधीच घालून ठेवली. जिवंत माणसानं मेलेल्याची जागा अडवलेली मी पहिल्यांदा पाहिली.

मास्तरांनी उतरताना हात दिला. मी घेतला नाही. त्यांची काही चूक नव्हती.

मला इतिहास नको. मला हो किंवा नाही हवं आहे.

लेओनी फाब्रेग


सँ-आरील
सोमवार, १८ ऑक्टोबर १९२६

लेओनी,

हो. संमतीचा कागद सोबत आहे, सही केलेला. गवंड्यालाही निरोप पाठवला आहे की माझं नाव छिन्नीनं काढून टाक. तो तुमच्या शब्दाची वाट बघेल.

आता जे सांगणार नाही असा मी शब्द दिला होता, ते सांगतो. तुम्ही वर जाऊन आलात, तेव्हा त्या शब्दाला फारसा अर्थ उरलेला नाही.

वडिलांनी चार कप्पे बांधले ते स्वतःसाठी, आईसाठी, माझ्यासाठी आणि ओक्तावसाठी. युद्धानंतर सरकार लढाईत पडलेल्या पोरांच्या पेट्या रेल्वेनं घरी पाठवायला लागलं. तेव्हा मार्सोला कुठं पाठवायचं, हे तुम्ही फॉर्मवर लिहिलंत: प्वी-मोराँ, आजीजवळ. तिनं त्याला वाढवलं होतं, तुमचं बरोबरच होतं. पेटी सँ-आरील स्टेशनात आली त्या दिवशी मी आणि ओक्ताव मालाच्या फलाटावर उभे होतो. तो म्हणाला, "चार जागा. आता पोराला कोणाची द्यायची?"

मी म्हटलं, "माझी दे."

"तुझी कशाला? पोरगं माझं आहे. माझीच."

"मग तू कुठं जाशील?"

"खाली, गिरणीच्या आवाजात. वरच्या शांततेत मला झोप यायची नाही. आणि लेओनीचे गुडघे पाहिलेस? झारी घेऊन ती तो चढ चढेल होय? खाली असलो तर येता-जाता दोन शिव्या तरी घालेल."

मी पुन्हा म्हटलं, माझी जागा तू घे. तो चिडला. म्हणाला, "तुला बायको नाही, पोर नाही. तुझं थडगं घासायला कोण येणार आहे? आईजवळ पडून राहा गपचूप." पुढच्याच आठवड्यात त्यानं गवंड्याला नेऊन माझं नाव कोरून घेतलं, म्हणजे नंतर मला माघार घेता येऊ नये. मी विरोध केला, असं लिहिलं तर ते खरं होणार नाही. मला बरं वाटलं होतं.

तुम्हाला सांगायचं नाही, असं त्यानं मला बजावलं. "तिला कळलं तर ती फॉर्मवरचं खोडेल, आणि पोरगं पुन्हा कुठल्या तरी स्टेशनावर पडून राहील. सवडीनं मीच सांगतो." ती सवड झाली नाही. त्याचं हृदय असं गिरणीत उभ्या-उभ्या थांबेल, हे कोणाला ठाऊक होतं?

तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा मला कळेना. सांगितलं तर त्याचा शब्द मोडतो. सही केली तर त्यानं केलेली व्यवस्था मोडते. नाही म्हटलं तर तुम्हाला वाटणार, जे तुम्हाला वाटलंच. चाळीस वर्षं कचेरीत मी एक गोष्ट शिकलो. उत्तर द्यायचं नसेल तर मागचा सगळा इतिहास द्यावा, माणूस दमून जातो. तुम्ही दमला नाहीत.

माझी चिंता करू नका. मला कुठंही चालेल. सँ-आरीलची दफनभूमी कचेरीच्या मागेच आहे.

सिप्रियाँ


व्होक्रेल
मंगळवार, २ नोव्हेंबर १९२६

सिप्रियाँ भाऊजी,

तुमचा कागद परत पाठवते आहे. मी तो वापरला नाही. गवंड्याला सांगा, छिन्नी लावायची नाही. नाव आहे तसं राहू दे.

ओक्तावला गेल्या गुरुवारी इथं व्होक्रेललाच ठेवलं. भिंतीकडची जागा घेतली, दोघांपुरती. यासाठी जिल्हाधिकारी लागले नाहीत, तुर्नाक लागलं नाही, बेल्मार लागलं नाही. मेयरांनी एका कागदावर सही केली आणि दोन गडी फावडी घेऊन आले. पाद्र्यांनी घाईत केलं, त्यांना दुसरीकडे बाप्तिस्मा होता. गिरणीचे लोक आले होते. त्यांनी पातं बंद ठेवलं नव्हतं. मीच तसं सांगितलं होतं.

तुम्हाला बोलवायचं राहून गेलं असं नाही. मी बोलावलं नाही. तेव्हा मी अजून रागात होते. आजही आहे, पण आता तो राग कोणावर आहे ते नीट ठरत नाही. तुम्हाला हे एका ओळीत लिहिता आलं असतं: "ओक्तावनं आपली जागा मार्सोला दिली." पाच शब्द, भाऊजी. तुम्ही दोन महिने उपजिल्हा लिहिलात. आणि तो, इतकी वर्षं समोर बसून सूप पीत होता, त्याला एकदाही बोलता आलं नाही. मी फॉर्मवर ती ओळ लिहिली तेव्हा टेबलाच्या दुसऱ्या बाजूला तोच होता. शाई वाळवायला वाळू त्यानंच टाकली. म्हणाला, "छान अक्षर आहे."

मार्सो वर आणि आम्ही दोघं खाली, हे मला पटलेलं नाही. पटेल असं वाटत नाही. पण त्यानं ठरवलेलं होतं, आणि ते माझ्यासाठी ठरवलेलं होतं. मग मी कोणाशी भांडू? काल सणाच्या दिवशी शेवंतीच्या दोन कुंड्या नेल्या. बरंच बोलले त्याला. शेजारच्या थडग्यापाशी नोटरीच्या घरच्या बाया होत्या. त्यांनी पाठ फिरवली.

गवंड्यानं विचारलं, "तुमचंही नाव आताच कोरू का, बाई? एका खेपेत होईल." मी म्हटलं, घाई नाही.

मार्सोसाठी एक कुंडी मास्तर पेरॉल यांच्याकडे पोस्टाच्या गाडीतून पाठवली. त्यांची माफी मागायची होती, तीही चिठ्ठीत लिहिली. आई-बाबांकडे यापुढे तुम्ही जात जा. तुमची जागा तिथं आहे, तेव्हा दगड घासायचं कामही तुमचं. ब्रश ताठ केसांचा घ्या, शेवाळ चिवट आहे.

मेयरांच्या कचेरीत नवा शिक्का आला आहे, त्यावर बेल्मार आहे. तुम्ही वर गेलात की तुर्नाकमध्ये असाल. दोन भावांच्या मध्ये सरकारनं सरहद्द घातली. ओक्ताव असता तर म्हणाला असता, फाब्रेगांना नदी ओलांडायची सवय आहे.

नाताळला इकडे जेवायला या. एकट्यानं त्या रिकाम्या गावात बसू नका. माथुरीनही असेल, ती तुम्हाला बोलेल, तयारीनं या. वरचे चेस्टनट मिळाले तर आणा. तालुक्यांविषयी बोलायचं असेल तर तेव्हा बोला, एक तास ऐकेन.

आज रात्री गोठेल म्हणतात. पत्र बंद करायच्या आधी कंदील घेऊन तळघरात गेले आणि बटाट्यांवर पोती टाकून आले.

लेओनी